एकतीस नंबरच्या गाडीपाशी

वडवणीच्या स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. गेली पंचवीस वर्षं मी तिथे बसून माणसांचे चेहरे बघतो, पण रंगनाथआबांचं माझ्याकडे पहिलं लक्ष गेलं ते माझ्या मोटारसायकलमुळे. पेन्शनच्या कागदाला पासपोर्ट साइजचा फोटो हवा म्हणून ते आले होते आणि दारातच थांबले.

"पुढच्या चाकात हवा कमी हाय. कावून?"

आता या 'कावून'ला काय उत्तर द्यायचं? कमी आहे म्हणून कमी आहे. मी हसलो. आबा हसले नाहीत. मी हवा भरून येईपर्यंत ते स्टुडिओच्या पायरीवर बसून राहिले, आणि आल्यावर चाक दाबून बघून मगच कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसले. फोटोसाठी टोपी काढा म्हटलं, तर काढली आणि दोन मोठे कान मोकळे झाले. इतके मोठे कान असलेला माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. घड्याळ उजव्या मनगटावर होतं. त्याचं कारण मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. "डावा हात गिअरवर असतोय. घड्याळ आदळतं."

गिअर सुटून तेव्हा तीस वर्षं झाली होती. आबा फौजेत ड्रायव्हर होते, तीन टनी ट्रकवर. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी पुढच्या रेषेपर्यंत दारूगोळा आणि रेशन पोहोचवलं, पण लढाईच्या गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या. गाड्यांच्या होत्या. अमुक गाडी चढाला कुरकुरायची, तमुक गाडीला थंडीत सकाळी मनवावं लागायचं. लढाईत काय झालं असं कोणी विचारलं तर म्हणत, "काय व्हायचंय. स्प्रिंगचा पाटा तुटला व्हता एकदा."

फौजेतून त्यांनी एक सवय घरी आणली होती. तिला ते 'फस्ट परेड' म्हणत. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ती तपासायची. तेल, पाणी, हवा, फॅनचा पट्टा, नटबोल्ट. आबांकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती, त्यामुळे त्यांनी स्टँडवरच्या जीपगाड्यांची लाईन दत्तक घेतली. सात वाजता हातात काठी घेऊन आबा हजर. बीडकडे जाणाऱ्या, तेलगावकडे जाणाऱ्या सगळ्या जीपवाल्यांना बॉनेट उघडायला लावत. पोरं वैतागत, आपसात त्यांची नक्कल करत, आणि बॉनेट उघडत.

बाजाराच्या दिवशी मात्र परेड वेगळी असे. त्या दिवशी गाडीत माणसं आणि शेळ्या सारख्याच कोंबल्या जातात, म्हणून आबा आदलाबदली करत. म्हणजे ह्याने त्याची गाडी तपासायची, त्याने ह्याची. फौजेत त्यांच्या हवालदाराची ही पद्धत होती. "आपल्या गाडीची खोड आपल्याला दिसत न्हाई बे," आबा सांगत. "रोज पाहून पाहून डोळा मरतोय." एकदा अशाच आदलाबदलीत एका जीपच्या मागच्या चाकाचे तीन नट ढिले निघाले. तेव्हापासून नक्कल करणारे कमी झाले.

आबांची दुसरी दौलत म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात लढाईतले फोटो होते, तीसेक. त्यांच्या कंपनीत एका क्लार्ककडे स्वतःचा कॅमेरा होता आणि तो सगळ्यांचे फोटो काढी. निदान काढायला निघे. कारण ड्रायव्हर मंडळी त्याला एकच सांगत, गाडी पुरी आली पाहिजे. माणूस कापला गेला तरी चालेल, बंपर कापू नको. त्यामुळे त्या फोटोंत ट्रक ऐसपैस उभे आहेत आणि माणसं कुठेतरी चाकाजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढ्या तोंडांची. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, इतके वाईट फोटो मी फार थोडे पाहिले आहेत आणि इतक्या वेळा दुसरे कुठलेच पाहिलेले नाहीत.

फोटोच्या मागे माणसाचं नाव नाही. गाडीच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे क्लार्कने पेन्सिलीने लिहिलेले. त्याचंही कारण होतं. ही माणसं एकमेकांना गाडीच्या नंबरानेच हाक मारत. आबा स्वतः एकतीस होते. एकतीस, जेवला का? बावन्न, चिठ्ठी आली तुझी. आबांनी मला ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना त्यात काही गंमत वाटत नव्हती.

रिटायर झाल्यावर आबांनी ठरवलं की ज्याचा फोटो त्याच्या घरी पोहोचवायचा. पोस्टाने नाही, हातात. आधी माझे वडील आणि पुढे मी कॉपी काढून द्यायचो आणि आबा एसटीने निघायचे. नगरला गेले, साताऱ्याला गेले, कोल्हापूरच्या पलीकडेही जाऊन आले. पंच्याहत्तरी झाल्यावर एसटी फुकट झाली, मग तर त्यांना घरात धरून ठेवणं मुश्किल झालं. मथुराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, "फौजेत व्हते तवा घरी जास्त दिसत व्हते."

एकदा तेलगावच्या बाजूला उसाच्या पट्ट्यातल्या एका गावाला मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. चौसष्ट नंबर तिथे राहत होता. अंगावरून वारं गेलेलं, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. मुलगा म्हणाला, आता ते कोणाला ओळखत नाहीत. आबांनी ओळख द्यायचा प्रयत्नच केला नाही. बाजेवर बसून त्यांनी फोटो समोर धरला. म्हाताऱ्याने बराच वेळ बघितलं आणि मग त्याचा डावा हात उचलला गेला. पुढे ढकलला, जरा बाजूला, पुन्हा मागे ओढला. आबा मुलाकडे वळून म्हणाले, "दुसरा गिअर टाकला. चौसष्टचा दुसरा जड जायचा." मुलगा आत निघून गेला आणि डोळे पुसून चहा घेऊन आला.

आबांचा स्वतःचा फोटो डब्यात नव्हता. तो फ्रेम करून घरात लावलेला होता, जिथे ते जेवायला बसत त्या भिंतीवर. एकतीस नंबरची गाडी आणि तिच्या बाजूला जवान आबा. मी कधी गेलो की आबा फोटो दाखवत आणि मथुराबाई भाकरी थापता थापता एकच वाक्य टाकत.

"ते तुमी न्हाई."

"मंग कोण हाय?"

"मला काय ठाऊक. पर त्याचे कान बघा किती बारके हायत."

"उन्हाची सावली हाय ती. तुला फोटूतलं काय कळतंय."

हा संवाद त्या घरात मीठमिरचीसारखा रोजचा होता. मीही आबांचीच बाजू घेत असे. धंद्यातला माणूस ना मी.

आता सोपानबद्दल सांगायला हवं. सोपान म्हणजे सत्तावीस. नारायणगडाच्या पायथ्याजवळचं त्याचं गाव, घरी मेंढरं. आपल्या जिल्ह्यातला म्हणून आबांचा सगळ्यात जवळचा. लढाईच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या गाडीवर तोफेचा गोळा पडला आणि तो गेला. मागे राहिली कौसाबाई. लग्न झाल्यावर नवरा अकरा दिवस घरी होता, मग सुट्टी संपली. लग्नात फोटोवाला नव्हता. सोपानचा एकही फोटो त्या घरात नव्हता.

लढाईनंतर काही महिन्यांनी क्लार्कने धुऊन आणलेल्या फोटोंचा गठ्ठा आबांच्या हाती आला. त्यांनी मागचे नंबर बघून वाटणी केली. सुट्टीवर आले ते सत्तावीस आणि एकतीस असे दोन फोटो घेऊन थेट स्टुडिओत, माझ्या वडिलांकडे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांनी एकतीसच्या खालच्या कडेला पाण्याचा डाग होता तो झाकायला पुठ्ठ्याची चौकट कापून फ्रेम करून दिली. ती आबांच्या घरी गेली. आणि सत्तावीसमधलं ते दाण्याएवढं तोंड दादांनी मोठं केलं, ब्रशने मिशी कोरली, गालाला रंग दिला, छातीवर दोन पदकं चढवली. कानही त्यांनी आपल्या मताने नीट केले असणार. दादांच्या हाताखालून गेलेली सगळी स्वर्गवासी मंडळी एकमेकांचे सख्खे भाऊ वाटत. ती फ्रेम आबा स्वतः कौसाबाईंना देऊन आले. ती भिंतीवर लागली, तिला हार चढला, टिळा लागला.

दोन वर्षांपूर्वी त्या गावच्या सरपंचांनी सोपानच्या नावाने वेशीत कमान बांधायला काढली. कमानीखाली काळ्या ग्रॅनाईटच्या दगडावर त्याचा फोटो कोरायचा होता. त्यांनी मला फोन केला. भिंतीवरच्या फोटोचा रंग उडालाय, म्हणाले, मूळ फोटो असेल तर चांगला मोठा करून द्या, आठ दिवसांत दगड कोरायला जाणार आहे. मूळ सत्तावीस आबांच्या डब्यात होता. मी आबांना बोलावलं, फोटो स्कॅनरवर टाकला आणि कॉम्प्युटरवर मोठा करत गेलो. ट्रकचा बंपर आला, दिवा आला, मग दिव्यावर टेकलेला हात. तोंडावर टोपीची सावली होती, पण हात लख्ख उन्हात होता.

मी सहज म्हणालो, "आबा, सोपानही तुमच्यासारखं उजव्या हातातच घड्याळ घालायचे का?"

आबा चष्मा पुसत होते. म्हणाले, "सोपानकडं घड्याळ नव्हतं."

मग त्यांनी चष्मा घातला आणि पडद्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. त्यांनी आपला उजवा हात पडद्याशेजारी धरला, मनगट वळवलं आणि खाली घेतलं. "थांब," म्हणाले आणि गेले. अर्ध्या तासाने आले ते जेवणाच्या खोलीतली फ्रेम काखेत घेऊन.

"उघड ही."

मागचे खिळे गंजले होते. पक्कडीने काढावे लागले. पुठ्ठ्याची चौकट उचलली आणि पन्नास वर्षं झाकलेला फोटोचा खालचा भाग वर आला. डाग होता, पण त्याच्यातून दिसत होतं. एकतीस नंबरच्या गाडीपाशी तो जवान फावड्याच्या दांड्यावर टेकून उभा होता. एक पाय जमिनीवर आणि दुसऱ्या पायाच्या बुटाचा तळवा गुडघ्याला लावलेला. मेंढरं राखणारी माणसं काठीला टेकून दिवसदिवस उभी असतात, तसा.

"मी असा कधी उभा राह्यलो न्हाई," आबा म्हणाले. "मला येतच न्हाई. सोपान राह्यचा."

मग त्यांना तो दिवस आठवला. हवालदाराने आदलाबदली लावली होती. आबा सोपानची गाडी तपासत होते, सोपान आबांची. तेवढ्यात क्लार्क कॅमेरा घेऊन लाईनीवरून फिरून गेला. तो गाड्यांचे फोटो घेत होता. गाडीपाशी कोण आहे हे त्यानेही पाहिलं नाही आणि ह्यांनीही. फोटो हातात आले तेव्हा विचारायला सोपान नव्हता.

"मी नंबर वाचला बे," आबा म्हणाले. "तोंड बघितलंच न्हाई."

म्हणजे कौसाबाईंच्या भिंतीवर इतकी वर्षं हार घालून घेत होते ते आबाच. आणि सोपान आबांच्या जेवणाच्या खोलीत. मला आधी हसू आलं, हे कबूल करतो. एका जिवंत माणसाला इतका टिळा लागल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण आबांच्या तोंडाकडे बघून ते हसू तिथेच विरलं, आणि मग मला माझ्या दादांच्या ब्रशचा राग आला. ते कान त्यांनी आहेत तसे ठेवले असते तर कौसाबाईंनी नाही तरी मथुराबाईंनी ओळखले असते.

पुढचे तीन दिवस आबा स्टँडवर आले नाहीत. जीपवाली पोरं माझ्याकडे चौकशीला आली, आबांना बरं नाही का म्हणून. मी घरी गेलो. आबा बाजेवर बसून होते. भिंतीवरची ती जागा चौकोनी पांढरी दिसत होती. मथुराबाई म्हणाल्या, "पन्नास वर्सं सांगतेय मी. आता खरं निघालं तर मलाच रडू येऊ लागलंय."

आबा माझ्याकडे न बघता बोलले. "वैनीजवळ त्याचं दुसरं काय हाय? अकरा दिवस आन एक फोटू. त्यो बी माझाच निघाला. आता या वयात जाऊन तेवढंबी हिसकून घेऊ का?"

मी म्हटलं, सरपंचांना काहीतरी सांगावं लागेल. सांगितलंही होतं, थोडंसं. सरपंच म्हणाले होते, कोणाला कळणार आहे, पत्रिका छापल्यात, दगड जाऊ द्या. माणूस वाईट नाही, घाईत होता. मी ते आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तोच आबा समोर. दाढी केलेली, धुतलेला सदरा, काखेत सोपानची फ्रेम. ती त्यांनी पुठ्ठ्याच्या चौकटीशिवाय पुन्हा बसवून घेतली होती.

"चल बे फोटूवाल्या."

"कुठं?"

"फॉल्ट दिसल्यावर गाडी गेटाबाहेर काढत न्हाईत. आधी सांगतेत."

जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं नाही. ड्रायव्हरने गमतीने तेल-पाणी बघितल्याचं सांगितलं, तरी ते समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिले. मी शेजारी बसून मनातल्या मनात नाना परीने कौसाबाईंना समजावत होतो आणि एकही परी मला पटत नव्हती.

कौसाबाई अंगणात शेळ्यांना पाला टाकत होत्या. आबांना बघून त्यांनी पदर सावरला, सतरंजी टाकली, पाणी आणलं. समोरच्या भिंतीवर दादांच्या हातचा रंगीत जवान हार घालून बसला होता. आबा बसलेच नाहीत.

"वैनी, माझ्याकडून लई मोठी चूक झाली हाय," ते म्हणाले. "भिंतीवरचा तो सोपान न्हाई. तो मी हाय."

कौसाबाईंनी भिंतीकडे बघितलं. मग आबांकडे. पुन्हा भिंतीकडे. आबांनी आदलाबदलीची सगळी हकीकत सांगितली, नंबरांसकट, काही न वगळता. एखाद्या साहेबासमोर रिपोर्ट द्यावा तसे ताठ उभे राहून सांगत होते. बाई ऐकत राहिल्या. शेळी येऊन त्यांच्या पदराला तोंड लावू लागली, तिला त्यांनी हाकललंही नाही.

मग त्या म्हणाल्या, "म्हंजी इतके दिवस मी तुमच्यापुढं रडले?"

"व्हय."

"आन भांडलेबी?"

"मला काय मालूम वैनी. मी तिकडं वडवणीला व्हतो."

कौसाबाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. त्यांनी हात पुढे केला. आबांनी फ्रेम दिली. त्या ती उजेडात घेऊन गेल्या, उंबऱ्यावर बसल्या. तोंड त्यांनी बघितलंच नसावं, कारण बोट सरळ खाली गेलं, गुडघ्याला लावलेल्या बुटावर.

"हा पाय," त्या म्हणाल्या. "असेच उभे राह्यचे हितं. ह्या दारात. मी म्हणायचे, पडताल. तर म्हणायचे, मेंढरं पडू देतेत व्हय."

त्या रडल्या, मोकळ्या रडल्या. आबा तेव्हा खाली बसले. मीही दुसरीकडे बघून घेतलं. खरं सांगायचं तर मलाही आवरलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "इतके दिवस हे कुठं व्हते?"

"माझ्या घरी. जिथं आमी जेवायला बसतो तिथं."

"मंग बरं," कौसाबाई म्हणाल्या. "माणसांत व्हते."

मग त्या उठल्या. भिंतीवरची फ्रेम उतरवली, हार काढला आणि काचेवरचा टिळा पदराने घासून घासून पुसला. "जित्त्या माणसाला कशाला हे," असं पुटपुटत त्यांनी ती आबांच्या हातात दिली. नव्या फ्रेमला तो खिळा जरा लहान पडत होता, तरी तिथेच लावली. लगेच हार घातला नाही. कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

"तुमचं तोंड मला पाठ झालंय भावजी. आता ह्यांचं पाठ करते. येळ हाय अजून."

सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या तोंडचं हे वाक्य ऐकून आबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी बघितलं. परतीच्या वाटेवर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, पट्टा कधी बदलला होतास.

दगडाचं पुढे थोडं रामायण झालं. सरपंचांचं म्हणणं, निदान छातीपर्यंतच कोरू. शहीद जवान एका पायावर उभा, बरं दिसत नाही, सावधान पाहिजे. कौसाबाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, ते असेच उभे राहायचे, कोरायचं तर असंच कोरा. आबांनी आणखी एक अट घातली, बंपर कापायचा नाही. शेवटी अख्खा फोटो गेला. ग्रॅनाईट कोरणाऱ्याने काम झकास केलं. काळ्या दगडावर एकतीस नंबरची गाडी पुरी आली आहे आणि तिच्यापाशी फावड्यावर टेकलेला सोपान. उद्घाटनाला कौसाबाई पहिल्या रांगेत होत्या. भाषणं लांबली तशा त्या उठून दगडाजवळ जाऊन बसल्या.

आबा आता लातूरला मुलीकडे असतात. गुडघे बोलतात, एसटीची पायरी चढवत नाही. डब्यातले उरलेले चार फोटो माझ्याकडे दिले आहेत. त्यातले दोन मी पोहोचवले. दादांनी रंगवलेली ती फ्रेम माझ्या स्टुडिओत आहे, कारण मथुराबाईंनी ती घरात घेतली नाही. "हेबी तुमी न्हाई," म्हणाल्या, "कान कुठं गेले?" गिऱ्हाइकं कधी फ्रेमकडे बघून हात जोडतात. मी सांगतो, जोडू नका, ते लातूरला आहेत, मजेत आहेत.

पण मला आबा दिसतात ते उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीचे. बाजाराचा दिवस होता. जीपगाड्यांची बॉनेटं उघडी, पोरं एकमेकांच्या गाड्यांखाली शिरलेली. आबा लाईनीच्या टोकाला, एका जीपच्या पुढे उभे होते. कोणाचं लक्ष नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी काठी पुढे रोवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि हळूच एक पाय उचलून त्याचा तळवा दुसऱ्या गुडघ्याला लावायला गेले. तोल गेला. बॉनेट धरून सावरले. पुन्हा एकदा लावला. या वेळी दोन श्वास टिकले. तेवढ्यात मी दारात उभा असलेला त्यांना दिसलो.

"न्हाई जमत बे," आबा म्हणाले. पाय खाली ठेवला आणि पुढच्या गाडीचं तेल बघायला गेले.